सुचण्याचं कौतुक पुरे

अलीकडच्या कथासंग्रहांची मनोगतं ओळीने वाचत गेलं की एक शब्द फार खुपतो : सुचलं. कथा प्रवासात सुचली, पहाटे सुचली, पात्रांनीच लिहवून घेतली. मग संग्रह उघडावा तर लिहिणं अडलेला एखादा लेखक खिडकीशी बसलेला भेटतो. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' (१९३१) आपण तंत्राची पोथी म्हणून निकालात काढलं. पण लिहिणं शिकावं लागतं, एवढं तरी त्या पुस्तकाला मान्य होतं. साचा आधी आणि माणसं नंतर, ही त्याची चूक. पौराणिक कादंबऱ्या अजून त्याच साच्यातून निघतात; त्यांच्यावर शाई घालवायला नको.

जीव आहे तो दुसरीकडे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये धरणाने उठवलेलं गाव आहे, मागे राहून रानटी झालेली म्हैस आहे आणि तिला आणायला निघालेला देवाप्पा आहे. विस्थापनावर भाष्य करायची सोय पानोपानी होती, पण खोत म्हशीवरची नजर ढळू देत नाहीत. जनावराची चाल, त्याचा वास, त्याचं बिथरणं ज्याला ठाऊक आहे त्याचंच वाक्य असं दबा धरून पुढे सरकतं. या कादंबरीचा घाट त्या माहितीतूनच आला आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) कौतिकचा संसार वऱ्हाडी बोलीतल्या रोजच्या देण्याघेण्यातून उसवत जातो, तेही याच वाटेने. जयंत पवारांचं गिरणगाव आणि आसाराम लोमटे यांच्या मराठवाड्यातल्या कथा याच जातकुळीच्या. या लेखकांना विषय शोधत हिंडावं लागलं नाही. कामाधामाच्या, भाकरीच्या तपशिलाशी ते इतका वेळ झटले, की तपशिलानेच त्यांची हाती आलेली सोपी वाक्यं मोडून टाकली. प्रेरणा म्हणायचं तर मी या झटापटीलाच म्हणेन.

अशाने कथेचा वृत्तान्त होईल, अशी भीती घातली जाते. 'सत्तांतर' (१९८२) वाचलेल्याने ती बाळगू नये. वानरांच्या टोळीतली उलथापालथ व्यंकटेश माडगूळकरांनी बारकाईने टिपली, आणि काय गाळायचं हे त्या बारकाव्यानेच त्यांना शिकवलं. जी. ए. कुलकर्णींचं नाव पुढे करणाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे : 'काजळमाया'तल्या (१९७२) दृष्टांतवजा कथांना कुठलं गाव? पण त्याआधी 'निळासावळा'पासून (१९५९) त्यांनी कोंदट घरं आणि त्यांत कुढत राहिलेली माणसं किती जवळून लिहिली, ते पाहा. दृष्टांतातल्या वाळवंटालाही चटका बसतो तो त्या सरावामुळे. तो सराव वगळून नुसतं गूढ उचलणाऱ्या अनुकरणांचं काय झालं, हे मराठी वाचकाने पाहिलं आहे. तरीही लेखन-कार्यशाळांत आज चित्र दाखवून 'काय सुचतंय ते लिहा' असं सांगितलं जातं, आणि वीस वर्षांची मुलं अर्ध्या तासात मृत्यूवर लिहून मोकळी होतात. त्यांना विचारा, तुझ्या घरी भाकरी कोण थापतं, पीठ कुठून येतं, दळणाचे पैसे कोण देतं. याचं उत्तर येत नसेल तर त्या दिवशी वही मिटून घरी पाठवा.