सारे खापर साखरेवरच का?

‘कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, साखर तोडली की रोग उपाशी मरतो’ हे वाक्य आता शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. या समजुतीला ज्या पुस्तकाचा आधार दिला जातो, ते म्हणजे थॉमस सेफ्रीड यांचे ‘कॅन्सर ॲज अ मेटाबॉलिक डिसीज’ (२०१२).

पुस्तकाचे श्रेय आम्ही नाकारत नाही. प्राणवायू उपलब्ध असतानाही कर्कपेशी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. तो धागा सेफ्रीड यांनी चिकाटीने पुढे नेला. त्यांच्या मते रोगाचे मूळ तंतुकणिकांच्या बिघाडात आहे. अशा पेशींना किटोन हे इंधन नीट वापरता येत नाही. म्हणून कर्बोदके कमी करून स्निग्ध आहार घ्यावा, असे ते सुचवतात.

आमचा आक्षेप येथेच आहे. मेदाम्लांची बाजू पुस्तकात दुबळी राहिली आहे. पेशी दुभंगायची तर नवे पेशीपटल हवे आणि त्यासाठी मेदाम्ले हवीत. स्तनाच्या कर्करोगात ज्या गाठींचे भवितव्य वाईट, त्यांत आढळणारे एक प्रथिन म्हणजे मेदाम्ले घडवणारे विकरच आहे, हे १९९४ मध्येच कळले होते. अंडाशयाचा कर्करोग पोटातील चरबीच्या पडद्यावर पसरतो, तेव्हा तेथील चरबीपेशी त्याला मेदाम्ले पुरवतात आणि कर्कपेशी ती जाळून ऊर्जा मिळवतात, हे २०११ मध्ये दिसले. पुढे २०१७ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या मानवी पेशी उंदरांत वाढवल्या गेल्या. मेदाम्ले आत घेणारे ‘सीडी ३६’ हे प्रथिन ज्या पेशींवर अधिक, त्याच पेशी रोग पसरवत होत्या. स्निग्ध आहाराने हा प्रसार वाढला, तर ते प्रथिन रोखल्यावर घटला. हा प्रयोग पुस्तकानंतरचा आहे. पण आधीचे दोन तरी विचारात घ्यायला हवे होते.

उंदरांवरून माणसाचे पथ्य ठरत नाही. हा नियम स्निग्ध आहाराच्या बाजूने आणि विरुद्धही लागू आहे. कर्करोगात वजन झपाट्याने घटणे हे वाईट लक्षण असते. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता रुग्णाचे अन्न तोडणे घातक ठरू शकते. पालक आपला सल्ला मानतात, म्हणून शिक्षकांनी एवढेच सांगावे: कर्कपेशी एकाच इंधनावर अवलंबून नसते, मिळेल ते वापरते.