व्यूहखेळांतील अन्याय्य काठिण्य

वाशीम जिल्ह्यातील इंझोरी येथे एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास संगणकावरील एका व्यूहखेळात वारंवार पराभूत होताना पाहण्याचा योग आला. पराभव ही आपल्याच आकलनाची उणीव होय, असे त्याने धरून ठेवले होते. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप ह्या समजुतीवर आहे.

‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) ह्या खेळाचा दाखला आपणांस जवळचा आहे. त्यात मराठ्यांचे राज्य चालविता येते आणि मोहिमेचा आरंभ १७०० साली होतो. त्याच वर्षी राजाराम महाराज निवर्तले. औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून होता. तेव्हा मोगल बलाढ्य असणे हा अन्याय नव्हे. वाघ-बकरीच्या पटावरही दोन्ही पक्ष विषम असतात. परंतु ती विषमता उभयतांस दिसते आणि वाघ कोंडण्याची युक्ती शोधता येते. मोगल छावणीचा अवाढव्यपणा हेच तिचे वैगुण्य होते, व मराठ्यांनी ते हेरले. प्रतिपक्षाची अशी कच्ची बाजू हुडकण्यातच व्यूहखेळाचे मर्म आहे.

संगणकी प्रतिपक्षाचे काठिण्य मात्र बहुधा निराळ्याच वाटेने वाढविले जाते. ‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) मध्ये सर्वांत कठीण पातळीवर प्रतिपक्ष नगरे वसविणाऱ्या तीन तुकड्यांनिशी आरंभ करतो; खेळाडूपाशी एकच असते. उत्पादन आणि द्रव्य ह्यांतही त्यास सवलत मिळते. बुद्धी तीच, थैली तेवढी जड! अशा प्रतिपक्षाची चूक हेरून उपयोग होत नाही, कारण तिची भरपाई आधीच झालेली असते. ‘एम्पायर’ प्रथम निघाला तेव्हा तर संगणकास समुद्रमार्गे सैन्य उतरविताच येत नसे. हा दोष पुढे दुरुस्त झाला. इंग्रज समुद्रावरून येतच नाहीत, असा अठराव्या शतकाचा पट मराठी अभ्यासकाने काय म्हणून स्वीकारावा?

उलट दिशेचे उदाहरण ‘डीपमाइंड’चे आहे. ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या ‘अल्फास्टार’च्या हालचालींच्या वेगावर त्यांनी मर्यादा घातली, तरीही २०१९ साली तो ‘ग्रँडमास्टर’ श्रेणीस पोचला. असे सामर्थ्य प्रत्येक खेळास परवडणार नाही, हे मान्य. म्हणून सवलत सर्वस्वी वर्ज्य करावी, असे आमचे म्हणणे नाही. पातळी निवडतानाच तिचे प्रमाण आकड्यांत दाखवावे, आणि द्रव्याची सवलत व चालींचे चातुर्य ही दोन्ही खेळाडूस वेगवेगळी कमीअधिक करता यावीत. मग इंझोरीचा विद्यार्थी आपण कोणाशी हरलो, प्रतिपक्षाच्या व्यूहाशी की त्याच्या खजिन्याशी, हे तरी निश्चितपणे सांगू शकेल.