'मुलकी' म्हणजे 'नागरिक' नव्हे

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२-२३ साली बीड जिल्ह्यात व इतरत्र जे स्मरणग्रंथ आणि लेख प्रसिद्ध झाले, त्यांपैकी बरेचसे आम्ही लक्षपूर्वक वाचले. लेखकांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु एका शब्दाचा व एका तिथीचा जो घोटाळा त्यांत वारंवार आढळतो, तो उपेक्षणीय नाही. निजामी अमदानीतील 'मुलकी' या शब्दाचा अर्थ 'नागरिक' असा दिला जातो; आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी बीडकर भारताचे नागरिक झाले, असे लिहिले जाते. दोन्ही विधाने आम्हांस अमान्य आहेत.

प्रथम शब्द घेऊ. मराठीत 'मुलकी' म्हणजे महसुलाकडील, असा जुना अर्थ आहे. मुलकी पाटील, मुलकी खाते हे शब्द त्याच अर्थाचे. येथील मुलकी तो नव्हे. हा मुलकाचा, म्हणजे त्या देशचा मनुष्य. १९१९ च्या फर्मानाने आलेले मुलकी नियम हे सरकारी नोकरीचे नियम होत. जो जन्माने हैदराबादचा प्रजाजन तो मुलकी. ज्याच्या जन्मसमयी त्याचा बाप पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून सरकारी चाकरीत होता तो मुलकी. मुलकीची पत्नी ती मुलकी. बाहेरून आलेल्यास पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य दाखवावे लागे. तेवढ्यानेही भागत नसे. पूर्वस्थळी परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे, असे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करावे लागे. गैरमुलकीस निजामाच्या खास मंजुरीवाचून नोकरी नाही. या साऱ्यांत राज्यकारभारात वाटा देणारे एक अक्षर नाही. मुलकी झालेला मनुष्य रयतच राही. ज्यास राज्यकर्ता निवडण्याचा वा काढण्याचा अधिकार नाही, त्यास नागरिक म्हणणे म्हणजे निजामास न मागता प्रशस्तिपत्र देणे होय.

आष्टी तालुक्याची सीमा नगर जिल्ह्यास लागून. भाषा एक, पंढरीची वाट एक, सोयरिकी दोन्हींकडे. मध्ये करोडगिरीचे नाके. नगरकडील शिक्षक बीडास आला की गैरमुलकी, आणि तिकडूनच सून म्हणून आलेली मुलगी मुलकी! हा भेद ना भाषेचा ना धर्माचा.

पाणिनीने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. चौथ्या अध्यायात 'निवास' व 'अभिजन' यांसाठी त्याने दोन स्वतंत्र सूत्रे दिली आहेत. टीकाकार सांगतात की, जेथे मनुष्य आज राहतो तो निवास, जेथे त्याचे पूर्वज राहिले तो अभिजन. प्रत्यय मात्र एकच. म्हणून मथुरेत राहणाराही माथुर आणि मथुरेहून पूर्वज आलेलाही माथुर. आमच्या 'बीडकर' शब्दाची गत तीच. मुलकी नियमांनी हे दोन्ही मार्ग ठेवले, आणि निवासाच्या मार्गावर मनातील संकल्पाचा पुरावा मागितला.

आता तिथी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धविराम जाहीर केला. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल होता. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताचे संविधान हैदराबादकरिता स्वीकारले, आणि संविधानाचा प्रारंभ झाला तो २६ जानेवारी १९५० रोजी. पाचवे कलम या प्रारंभदिनास धरूनच बोलते. भारतात अधिवास, आणि त्याच्या जोडीस स्वतःचा येथील जन्म, किंवा मातापित्यांपैकी एकाचा येथील जन्म, किंवा लगत पूर्वीची पाच वर्षे येथील सामान्य वास्तव्य, एवढे त्यास पुरे. कोणाच्या कृपेने वा विजयाने नागरिकत्व मिळाल्याचे तेथे लिहिलेले नाही.

सोळा महिन्यांच्या या अंतराने काय बिघडते, असे कोणी विचारील. अरब व पठाण यांचे प्रकरण पाहावे. सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थानातील अशा अनेकांस परदेशी ठरवून स्थानबद्ध करण्यात आले व देशाबाहेर पाठविण्याचा उद्योग झाला. त्यांत संस्थानातच जन्मलेले, दख्खनी आईचे पुत्रही होते. अभिजन हद्रमौत, निवास दख्खन. आमच्या स्मरणग्रंथांतून अरब येतो तो सावकाराच्या व दंडेलीच्या कथांतून. त्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु जुलमी असणे व परका असणे हे दोन भिन्न प्रश्न होत. सर्वजण एका दिवसात नागरिक झाले असे लिहिले की दुसरा प्रश्न ग्रंथातून नाहीसाच होतो.

मुलकी नियम तर निजामाबरोबर गेलेही नाहीत. १९५२ साली हैदराबादेत गैरमुलकींविरुद्ध चळवळ पेटली, तेव्हा बीडचा मनुष्य तेथे मुलकी होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात आला. तेलंगणापुरते हे नियम अद्याप जिवंत आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला, आणि १९७३ च्या कायद्याने ते रद्द झाले. आमच्या तहसिलीतून मिळणाऱ्या दाखल्यावर वय, राष्ट्रीयत्व व अधिवास अजून एकाच कागदावर नांदतात, आणि अधिवासाकरिता पुरावा मागतात तो पंधरा वर्षांचाच. वस्तुतः राज्याचा असा निराळा अधिवास नाही, भारताचा एकच, असे त्याच न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात सांगितले आहे. शब्द मात्र चिवट.

जिल्ह्यातील जुन्या घरांतून मुलकी दाखले व प्रतिज्ञापत्रे असतील, तर ती मंडळाकडे नकलेसाठी यावीत. कागद उर्दूत असावयाचे, सन फसली. त्यात महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. विशेषतः सीमेपलीकडून आलेल्या सुनांची नावे कोणत्या कलमाखाली चढली, हे आम्हांस पाहावयाचे आहे.