वारशाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’

मंडळी, ‘वारसा’ या शब्दाचा खरा अर्थ शिकायचा असेल तर तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसून उपयोग नाही. तलाठ्याच्या दप्तरात गेलं पाहिजे. माणूस गेला की वारसनोंद होते, फेरफार पडतो. मुलगे, मुली, विधवा, सगळ्यांची नावं लागतात, आणि वाटणी होईपर्यंत क्षेत्र सामाईक राहतं. शिवाय सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट. मालक नसूनही ज्याचा त्या जमिनीशी संबंध आहे, त्याची नोंद तिथे होते. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. या रकान्यावरून किती भांडणं झाली आहेत, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

आज आम्ही बोलणार आहोत ते सरकारांनी आणि जागतिक संस्थांनी वारशाला दिलेल्या मान्यतेबद्दल. आमची तक्रार आधीच सांगून टाकतो. या मान्यतांच्या सातबाऱ्यावर मालकाचं नाव ठळक असतं आणि ‘इतर हक्क’ हा रकाना बहुधा कोराच असतो.

ताजं उदाहरण घ्या. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारसा यादीत गेली. बारा किल्ले. अकरा आपल्याकडचे, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. वाजवावेतच. आम्हालाही आनंद झाला, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. या प्रस्तावातली मूळ कल्पना चांगली आहे, हेही म्हटलं पाहिजे. सुटा किल्ला, सुटा बुरूज, अमुक फूट उंचीचा दरवाजा असं न बघता डोंगर, समुद्र, खिंड, बेट यांचं मिळून एक जाळं होतं, असं ती सांगते. आपल्या शाळेतल्या इतिहासाला हे कधी नीटसं सांगता आलं नव्हतं.

पण जाळं म्हटलं की गाठी आल्या, आणि गाठी बांधणारे हात आले. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातला शिवनेरीच बघा. त्या डोंगरात सातवाहन काळापासूनची बौद्ध लेणी आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. गडावर शिवाईदेवी आहे, कमानी मशीद आहे. हा गड दीर्घकाळ निजामशाहीचा, म्हणजे ज्या घराण्याने आपलं नगर शहर वसवलं त्यांचा. मालोजीराजे त्याच निजामशाहीचे सरदार. आणि १६३० साली याच गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आता सांगा, एवढ्या वारसांच्या या डोंगराला नाव किती ओळींचं द्यायचं? एकच ओळ मिळणार असेल तर मराठ्यांचं नाव लागणं रास्त आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या ओळीला जागाच नाही याबद्दल.

जिंजीच्या बाबतीत तर हे उघडच दिसतं. विजयनगरच्या नायकांनी तिथे मोठं बांधकाम केलं, मग विजापूर आलं. १६७७ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात तो वर्षानुवर्षं लढवला, १६९८ साली गेला. पुढे फ्रेंच, मग इंग्रज. आता तिथल्या तामिळ माणसाने विचारलं, की आमच्या गावच्या डोंगरावर ‘मराठा’ ही पाटी का? तर त्याला राग न येऊ देता उत्तर देणं आपल्याला जमलं पाहिजे. उलट बाजूने विचार करून बघा. नगरच्या किल्ल्यावर उद्या दुसऱ्याच राज्याच्या मागणीवरून दुसऱ्याच घराण्याची पाटी लागली तर आपण किती शांत राहू?

आणि घेरा! गडाच्या पायथ्याचा, भोवतीच्या रानाचा मुलूख. तिथे पहारा देणारे, वाटा राखणारे, वैऱ्याची चाहूल वर पोचवणारे रामोशी, कोळी, महार, मांग, भिल्ल हे लोक होते. त्यांच्या डोळ्यांवर गड उभा होता. आज त्या घेऱ्यातल्या माणसाची सरकारी कागदावरची ओळख काय? पाणी-लिंबूसरबत विकतो तो फेरीवाला, नाहीतर अतिक्रमणधारक. पन्हाळ्यावर गाव वसलेलं आहे, नगरपरिषद आहे. यादीत नाव जाणार म्हटल्यावर तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, कारण त्यांना भीती वाटली की आता घराची कौलंसुद्धा बदलता यायची नाहीत. ही भीती हवेतली नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट, हा नियम २०१० सालच्या दुरुस्तीने कायद्यातच आला आहे. नियमामागचा हेतू वाईट नाही. पण ज्याचं घर त्या शंभर मीटरात आहे त्याला तुम्ही वारसदार म्हणून कधी विचारलंत? की एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात?

इथे थोडं तत्त्वज्ञान, घाबरू नका. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस एक प्रश्न विचारतो. पुण्यकर्म देवांना आवडतं ते पुण्य आहे म्हणून, की देवांना आवडतं म्हणून ते पुण्य ठरतं? तोच प्रश्न इथे लावा. जागा मोलाची आहे म्हणून यादीत जाते, की यादीत गेली म्हणून मोलाची होते? अधिकाऱ्यांना विचारा, ते पहिलं उत्तर देतील. वागणं मात्र दुसऱ्या उत्तराचं. यादीत नाव आलं की रस्ता येतो, वाहनतळ येतो, पुढाऱ्यांचे फलक येतात. यादीत नाही तिथे गवत. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एल्ब नदीखोऱ्याचं नाव २००९ साली यादीतून काढलं, कारण लोकांनी मतदानाने ठरवून तिथे पूल बांधला. नाव गेलं म्हणून नदी वाहायची थांबली नाही, त्या काठाची किंमतही रातोरात उतरली नाही. म्हणजे किंमत आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्यांची गल्लत होते.

आपल्या राज्यातली तीर्थक्षेत्रांची अ, ब, क ही वर्गवारी हे तर या गल्लतीचं घरगुती रूप. वर्षाला भाविक किती येतात यावर वर्ग, आणि वर्गावर निधी. म्हणजे गर्दी हीच कसोटी! या हिशेबाने एकांतात बसलेल्या संताने नापासच व्हायचं. निळोबारायांचं पिंपळनेर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांना मनाने गुरू मानणाऱ्या या माणसाचं मोल कोणी गर्दी मोजून ठरवलं असतं का?

श्रीगोंद्याचे संत शेख महंमद घ्या. जन्माने मुसलमान, ‘योगसंग्राम’चे कर्ते, वारकऱ्यांना वंद्य. त्यांच्या समाधीची नोंद कोणत्या नावाने, कोणत्या कायद्याखाली असावी यावरून अलीकडे गावात तंटा उभा राहिला. कोणाचं बरोबर हे निवाडा करणारे ठरवतील, आम्ही इथे बसून ठरवणार नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट दुखते. शेकडो वर्षं दोन्ही समाज तिथे माथा टेकत होते, तेव्हा कुणी रकाना विचारत नव्हतं. कागद आला आणि त्याने विचारलं, ‘एकच काय ते सांगा.’ सामाईक क्षेत्राची वाटणी मागणारा वारस कधीकधी घरातला नसतोच, तो कागद असतो.

नगरच्या किल्ल्याचंही तेच. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी लोक त्याला नगरचा किल्लाच म्हणतात. चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला. १८०३ साली वेलस्लीने घेतला. १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी तिथे कैदेत होते. एकाच आवारात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इंग्रजीत लिहिलं आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रं उर्दूत. सामाईक वारसा म्हणायचा तो आणखी कसा असतो? किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आपल्या पोरांपैकी कितीजणांनी त्या खोल्या पाहिल्यात, हात वर करा. …बघा.

युरोपात एक वेगळी योजना आहे, ‘युरोपीय वारसा चिन्ह’. तिथे वास्तू सुंदर किती हे दुय्यम असतं. सगळ्यांच्या सामाईक कथेत त्या जागेचा अर्थ काय, हे आधी विचारतात. पहिल्याच निवडीत हॉलंडमधली वेस्टरबोर्कची छावणी होती. तिथून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे रवाना केलं जाई. म्हणजे लाजेची जागासुद्धा सामाईक म्हणून स्वीकारली. आपल्या यादीत बारा किल्ले, बाराही अभिमानाचे. रायगड ज्या महाड तालुक्यात आहे तिथलंच चवदार तळं, १९२७ सालचं, याच नजरेने वाचायला आपण कधी शिकणार? तिथे स्मारक आहे, सोहळा होतो. पण पाणी अडवणारेही आपलेच पूर्वज होते, हे त्या सोहळ्यात कोण म्हणतो?

आता राळेगणकडे येतो, कारण उपाय सुचवायचा तर तो इथूनच. अण्णा १९७५ साली सैन्यातून परत आले तेव्हा यादवबाबांच्या देवळाची लाकडं दारूच्या भट्ट्यांत जळून गेली होती, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. देऊळ पुन्हा उभं राहिलं ते कुठल्या यादीमुळे नाही. पदरचे पैसे आणि गावाचे हात. पुढे १९९२ साली राज्याने आदर्श गाव योजना काढली ती या गावाकडे बघून. त्या योजनेतली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मान्यता मागणाऱ्या गावाला ग्रामसभेत ठराव करून श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी अशा अटी स्वतःवर घालून घ्याव्या लागत. पदक मागण्याआधी वचन द्यायचं. वारसा योजनांमध्ये ग्रामसभा कुठे असते? उद्‌घाटनाच्या मांडवात, मागच्या रांगेत.

जैवविविधता कायद्याने २००२ साली प्रत्येक गावाला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं. पुष्कळ ठिकाणी ती एकाचं बघून दुसऱ्याने उतरवली, ते जाऊ द्या. कल्पना मात्र पक्की आहे. तशीच वारशाची वही पारनेर तालुक्यातल्या गावांनी का ठेवू नये? निघोजचे रांजणखळगे कुकडीच्या पात्रात आहेत. नदीच्या अलीकडे आपला जिल्हा, पलीकडे पुणे. दगड कोणाचा ते सरकारला ठरवू द्या. वहीत लिहायचं ते हे, की यात्रेत पालखीला खांदा कोणाचा, नदीवर उतरायची वाट कोणाच्या शेतातून, देवळात दिवा लावायची पाळी कोणत्या घराची, गडाच्या घेऱ्यातून कोण कुठे गेलं. वादाचं असेल तर दोन्ही बाजू लिहायच्या, दोन शाईंनी. पहिलं पान यादवबाबांच्या देवळाच्या त्या लाकडांचं असू द्या, आणि ती कोणी नेली तेही लिहा. नावं नकोत, पण लिहा. येत्या ग्रामसभेत विषय ठेवायचा असेल तर नमुना आम्ही करून आणला आहे, तीन पानांचा, त्यात ‘इतर हक्क’ हाच रकाना सर्वांत रुंद ठेवला आहे.