शिकारीच्या यादीबाहेरचे पक्षी : वन्यजीव कायद्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

पक्षीसंरक्षणाच्या कायद्यांचे मूल्यमापन बहुधा शिक्षा व अंमलबजावणी या अंगाने केले जाते. प्रस्तुत लेखात कायद्याच्या भाषेचा विचार केला आहे. बुलबुल, सातभाई, तांबट यांसारख्या पक्ष्यांच्या मागे हौशी शिकारी सहसा लागला नाही. अशा पक्ष्यांना ही भाषा कोणत्या रूपात ओळखते, हा येथील प्रश्न आहे.

यादीचे स्वरूप

१९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात माळढोक, बदक, तित्तर, लावा, रानकोंबडा, मोर हे पक्षी येतात. ही शिकाऱ्याचीच यादी होय, आणि संरक्षणही बंदीकाळापुरतेच. यादीच्या शेवटी बगळे, नीलकंठ व खंड्या आढळतात. त्यांना बाजारात मोल होते ते पिसांमुळे. भारतातून होणाऱ्या पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्येच बंदी आली होती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. ज्यांना असे मोल नव्हते, त्यांचे रक्षण प्रांतिक सरकारच्या अधिसूचनेवर सोडलेले होते.

१९७२ च्या कायद्यातही ‘मोठी शिकार’, ‘लहान शिकार’ असे परवान्यांचे वर्ग होतेच. १९९१ च्या दुरुस्तीने ते रद्द झाले आणि चौथ्या अनुसूचीतील बुलबुल, साळुंकी, मुनिया यांनाही मारणे वा पकडणे निषिद्ध ठरले. हे यश निःसंशय मोठे आहे.

‘शिकार’ या संज्ञेची मर्यादा

कलम २(१६) नुसार पक्ष्याच्या अंड्यांना इजा करणे, अंडी वा घरटे विस्कटणे हीदेखील शिकारच होय. ही व्याख्या उदार आहे. २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी झाड पाडताना अनेक पक्षी व पिल्ले दगावली, तेव्हा याच कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. मात्र विणीचा हंगाम संपल्यावर तेच झाड तोडले, तर ‘शिकार’ कोणाची झाली? पक्षी जिवंत असतो, घरटे नसते. पुढील वर्षी उतरण्याची जागा तेवढी नाहीशी होते. महाराष्ट्रातील १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा येथे लागू होऊ शकतो. परंतु त्याचा विषय झाड हा आहे, पक्षी नव्हे.

२०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या. कावळ्याला ‘उपद्रवी’ ठरविणारी स्वतंत्र यादीही गेली. तथापि दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला ठरावीक क्षेत्र व काळासाठी उपद्रवी घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे.

निष्कर्ष

शतकभरात कायद्याने शिकाऱ्याचा हात रोखला, पण पक्ष्याकडे पाहण्याची दृष्टी शिकाऱ्याचीच ठेवली, असे म्हणावे लागते. अभयारण्याबाहेरच्या सामान्य पक्ष्याला आज मुख्य भय बंदुकीचे नाही, निवारा हिरावला जाण्याचे आहे. म्हणून वर्षानुवर्षे विणीसाठी वापरात असलेल्या जागेलाच, ती रिकामी असतानाही, संरक्षण देणारी स्वतंत्र तरतूद आवश्यक ठरते.