प्रत्यारोपण आणि कलमाची उपमा

प्रत्यारोपणाचे विवेचन मराठीत करताना कलमाची उपमा सहज योजिली जाते. कोल्हापूरच्या वाचकास कलमी आंबा परिचित असल्याने ती सुबोधही वाटते. मूत्रपिंडापुरती ती कशीबशी निभावते. खुंटाप्रमाणे देहही परक्या ऊतीस नाकारतो, आणि हा नकार प्रतिकारशक्तीचाच व्यापार होय, हे मेडावर यांनी १९४४ साली सशांवरील त्वचारोपणाने दाखविले. अस्थिमज्जेतील मूलपेशींची गोष्ट निराळी. भारतात हे रोपण प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. यात दात्याची प्रतिकारयंत्रणाच रुग्णाच्या देहात नांदू लागते. म्हणजे कलमकाडीच खुंटावर उलटू शकते, आणि त्वचा, यकृत व आतडी यांवर आघात होतो. सख्ख्या भावंडाचा ऊतिगट पूर्णपणे जुळण्याची शक्यता मुळात २५ टक्के. तो जुळला की धोका टळला, हा कुटुंबाचा समज ही उपमा दृढ करते. म्हणून ती नुसती अपुरी नव्हे, घातकही आहे. शिवाय दात्याच्या याच पेशी रक्ताच्या कर्करोगाचे अवशेषही नष्ट करतात, हे कलमाच्या भाषेत सांगावे कसे? एकरूप जुळ्या भावंडाच्या पेशी रुग्णास बहुधा हा उपद्रव देत नाहीत. परंतु तेथे रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते.