किमान शिक्षा आणि शब्दाचा अर्थ

ज्या गुन्ह्यास कायद्यानेच किमान शिक्षा ठरवून दिलेली असते, त्यावरील अपिलात दयेच्या युक्तिवादास फारसा वाव उरत नाही. वर्षे कमी करता येत नाहीत. तेव्हा वादाचा सारा भार गुन्ह्याच्या व्याख्येतील शब्दांवर येऊन पडतो. या दृष्टीने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १९ जानेवारी २०२१ चा निर्णय अभ्यसनीय आहे. वरूडसह सारा अमरावती जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यातील कलम ८ अन्वये लैंगिक हल्ल्यास किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. विशेष न्यायालयाने आरोपीस ती दिली. खंडपीठाने मात्र वस्त्रावरून झालेला स्पर्श कलम ७ च्या व्याख्येत बसत नाही, त्वचेचा त्वचेशी संबंध हवा, असे ठरवून तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खाली एक वर्षाची शिक्षा दिली. शिक्षा कठोर, म्हणून पुरावाही अधिक काटेकोर हवा, हे त्यामागील एक कारण होते.

कलमात ‘त्वचा’ हा शब्दच नाही. आहेत ते स्पर्श आणि शारीरिक संपर्क. ‘त्याने खांद्यावर हात ठेवला’ असे कोणी सांगितले असता मध्ये सदरा होता काय, असे आपण विचारीत नाही. स्पर्शवाचक क्रियापद संपर्क सांगते; आवरणाविषयी ते मौन पाळते. त्या मौनात अट भरणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे, अर्थ घालणे होय. संदिग्धतेचा लाभ आरोपीस मिळावा, हे तत्त्व योग्यच. परंतु ती संदिग्धता शब्दात असावी लागते, शिक्षेच्या कठोरपणातून ती निर्माण करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हा निर्णय रद्द केला, लैंगिक हेतू हा प्रमुख घटक मानला आणि तीन वर्षांची शिक्षा दिली.

तथापि सक्तीची शिक्षा एखाद्या प्रकरणी अन्यायकारक ठरू शकते, हा प्रश्न उरतोच. त्याचा सरळ मार्ग २०११ साली मुंबई उच्च न्यायालयानेच दाखविला होता. अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ३१-अ मधील सक्तीची मृत्युशिक्षा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग करते, असे म्हणून न्यायालयाने तेथील आज्ञार्थ विकल्पार्थाने वाचला. तेथेही शब्द वाकविला गेला. पण का, हे उघडपणे सांगून. शिक्षा जड वाटत असेल तर वाद शिक्षेशीच घालावा. शब्द आकसला की तो एका आरोपीपुरता आकसत नाही. पुढील प्रत्येक बालकाचे संरक्षण त्याबरोबर आकसते.